पळीभर पाणी

हे सगळं मी उजव्या हाताच्या अंगठ्यानं लिहितेय. डावा हात उशीवर सरळ पडलाय, त्यात दोन जाड सुया आहेत. एका सुईतून रक्त मशीनकडे जातं, दुसरीतून परत येतं. माझ्या किडन्या निकामी झाल्यात, त्यामुळे डायलिसिस. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेसहाची शिफ्ट, चार तास. सांगलीहून पहाटेची सिटी बस धरून मिरजेला यायचं, वजनकाट्यावर उभं राहायचं, परवापासून अंगात किती पाणी साठलं ते सिस्टरांना सांगायचं आणि खुर्चीत आडवं व्हायचं. सात वर्षं उलटली. हजाराच्या वर वेळा झालं असेल, म्हणजे सुया दोन हजारांच्या वर. मध्ये एका नातेवाइकांनी विचारलं, "तू एवढी शांत कशी राहतेस?" फोनवर मला उत्तर जमलं नाही. म्हणून हे.

आधी एक सांगून टाकते. मी शांत वगैरे नाही. गेल्याच आठवड्यात लेकीनं माझ्यासमोर कोकम सरबताचा मोठा ग्लास घटाघटा प्यायला, तर मी तिच्यावर उगाच ओरडले. पण पहिल्या वर्षी मी जी होते, तिच्याशी आता माझं पटणार नाही, एवढं खरं.

सांगलीच्या गावभागात आमची खानावळ. खाली खानावळ, वर घर. रोजचे चाळीसेक डबे, शिवाय दुपारी जेवायला येणारी बाहेरगावची पोरं. मी रांधायचं, ह्यांनी डबे पोचवायचे. दिवसभर उभं राहून गुडघे धरायचे, म्हणून वेदनाशामक गोळी घ्यायची. एक वर्ष नाही, कितीतरी वर्षं. रक्तदाबाची गोळी मात्र आठवली तर. किडन्या त्यातच गेल्या, दोष दुसऱ्या कुणाचा नाही.

पहिली खूण आमटीनं दिली. २०१८ च्या जानेवारीत गिऱ्हाइकं म्हणायला लागली, "काकू, मीठ जास्त पडतंय." मला तर सगळं अळणी लागायचं. तोंडात सारखी गंज चाटल्यासारखी चव. पाय सुजलेले, सकाळी उमासे, जिना चढताना धाप. फेब्रुवारीत रक्त तपासलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, एकच्या आसपास हवं, ते ९.८ निघालं. हिमोग्लोबिन ६.९. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आक्रसलेल्या. डॉक्टर म्हणाले, "आता या परत फुलायच्या नाहीत." दुसऱ्या दिवशी मानेत नळी घालून पहिलं डायलिसिस झालं.

मग डाव्या मनगटावर छोटं ऑपरेशन केलं. धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात, म्हणजे शीर हळूहळू फुगून जाड होते आणि तिच्यात सुया टोचता येतात. त्याला फिश्चुला म्हणतात. तो तयार व्हायला दीड-दोन महिने गेले. तोवर मऊ चेंडू दाबत बसायचं. त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, जड पातेलं उचलायचं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही. आणि बांगड्या नाहीत. लग्नानंतर पंचवीस वर्षांत माझा डावा हात मोकळा असा कधी राहिला नव्हता. सिस्टरांनी बांगड्या उतरवून कागदात गुंडाळून दिल्या, तेव्हा मी रडले ते किडनीसाठी नाही, त्या पुडीसाठी.

आता तहानेविषयी.

लघवी जवळजवळ बंद होते, त्यामुळे जे प्यावं ते अंगातच राहतं. पायांत, पोटात आणि जास्त झालं तर फुप्फुसांत. मला दिवसाला पाऊण लिटर ठरवून दिलं. त्यात चहा, आमटी, ताक, गोळ्यांबरोबरचं पाणी, सगळं धरायचं. सांगलीचा एप्रिल, पुढ्यात तीन शेगड्या आणि दिवसभराला पाऊण लिटर. पहिल्या उन्हाळ्यात मी चोरून पाणी प्यायचे. नळाखाली तोंड धरायचे, स्वतःच्या घरात चोरासारखी. सोमवारी काटा खरं सांगायचा, साडेतीन-चार किलो जास्त. तेवढं पाणी चार तासांत ओढून काढलं की पोटऱ्यांत असा गोळा यायचा की मी खुर्चीतून अर्धी उठायचे. टेक्निशियन दादा पाय दाबून धरायचे आणि म्हणायचे, "काकू, परत प्यायलात ना?"

मशीनचा हिशेब तेव्हा कुणीतरी समजावून सांगितला होता. मिनिटाला साधारण ३०० मिलि रक्त, म्हणजे चार तासांत सत्तर लिटरच्या वर. माझ्या अंगातलं पाचेक लिटर रक्तच चौदा-पंधरा फेऱ्या मारतं. आणि ते धुणारं पाणी मिनिटाला ५०० मिलि, चार तासांत १२० लिटर. मला दिवसाला पाऊण लिटर, त्या यंत्राला एका बैठकीत एकशेवीस. त्या वर्षी मी त्या मशीनचासुद्धा राग राग केला.

पळीची गोष्ट योगायोगानं घडली. सासरे गेल्यापासून त्यांची पळी-पंचपात्री देवघरात नुसती पडून होती. संकष्टीला भांडी घासताना मी ती विसळली आणि तोंड इतकं कोरडं होतं की पळीत राहिलेलं थेंबभर पाणी तसंच जिभेवर सोडलं. चमचाभरही नसेल. पण ते पाणी मला लागलं! तांब्याची किंचित तुरट चव, मग गार, मग नुसतं ओलं. ते घशापर्यंत पोचलंच नाही, जिभेनंच सगळं संपवलं. मी तिथंच पाटावर बसून आणखी एक पळी घेतली आणि डोळे मिटून ती कुठवर जातेय ते बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी पाऊण लिटरची बाटली भरायची, त्यातलं पंचपात्रीत काढायचं आणि पळीनं घ्यायचं. माझ्या पळीत पाच मिलि मावतं, मी औषधाच्या टोपणानं मोजलंय. म्हणजे दीडशे पळ्या. फुलपात्रानं प्यायलं तर पाच-सहा वेळात खेळ खलास, आणि इथं दीडशे! मला एकदम श्रीमंत झाल्यासारखं वाटलं. हे चिडवतात, "झालं का आचमन?" म्हणतात. पण निम्मं आयुष्य तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्यायलेल्या मला पाण्याला चव असते हे तोवर ठाऊकच नव्हतं. महिन्याभरात दोन डायलिसिसमधली वजनवाढ दोन किलोवर आली. पायात गोळे येणं जवळजवळ थांबलं.

खाण्याचं तेवढं सोपं नव्हतं. नारळपाणी, केळं, संत्रं, टोमॅटो बंद, कारण त्यातलं पोटॅशियम साठलं की हृदयाचा ठोका चुकतो. बटाटा खायचाच तर सोलून, पातळ फोडी करून, भरपूर पाण्यात दोन-तीन तास ठेवायचा, ते पाणी ओतून द्यायचं, नव्या पाण्यात उकडायचा, तेही ओतायचं. उरतो तो बटाट्याचा फोटो. दूध, डाळ, शेंगदाणे बेतानं, नाहीतर फॉस्फरस वाढून रात्रभर अंग खाजतं. मीठ चिमटभर. एका ओळखीच्या बाईंनी प्रेमानं 'लो सोडियम' मिठाचा पुडा आणून दिला. तो मी वापरणार तोच आहारतज्ज्ञ बाईंनी अडवलं. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. आमच्यासारख्यांना ते विष. हे वाचणारं कुणी डायलिसिसवर असेल तर पुड्यामागची बारीक अक्षरं वाचा.

आणि मी स्वयंपाकीण. चाळीस जणांची आमटी चाखायची कुणी? सुरुवातीला जिभेवर घेऊन थुंकायचे. मग लक्षात आलं की ओगराळं नाकाशी नेलं की बरंच कळतं. चिंच कच्ची राहिली तर वास टोचतो. गूळ विरघळला की आमटीचा आवाज बदलतो, बुडबुडे जड होतात. मीठ मात्र नाकाला कळत नाही, ते हाताच्या मापानं. कृष्णाकाठच्या वांग्यांची भाजी तर मी नुसत्या वाफेवरून ओळखते, मसाला आत मुरला की नाही ते. त्याच वर्षी एक डबेवाला पोरगा म्हणाला, "काकू, हल्ली भाजी एक नंबर होतेय." मी दोन घासांवर जगत होते आणि माझ्या हाताला चव येत होती! मला हसावं की रडावं कळेना. हसले नाही. हसायला अजून वेळ होता.

भेटायला येणाऱ्यांविषयी थोडकं. "देव परीक्षा बघतो", "सकारात्मक विचार करा", "आमच्या ओळखीतले एक जण काढ्यानं बरे झाले." दुखणाऱ्या माणसाला उपदेश करण्याइतकं स्वस्त काम दुसरं नाही. त्यांच्यापेक्षा शेजारच्या आजी बऱ्या. यायच्या, लसूण सोलायला घ्यायच्या, तासभर बसायच्या आणि लसूण संपला की जायच्या.

मला खऱ्या अर्थानं धडा मिळाला तो शेजारच्या खुर्चीवरून. तिथं एक चाचा असायचे. मिरजेतले पिढीजात तंतुवाद्य बनवणारे. मिरजेत दवाखाने आणि तंबोरे दोन्ही जुने. डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथं रुग्णालय सुरू केलं, आणि सतारमेकर गल्ली तर त्याच्याही आधीची. चाचा माझ्या आधी तीन वर्षं डायलिसिसवर होते. एकदा मी मुसमुसत होते तर म्हणाले, "ताई, हात कानाला लावून बगितला का?"

फिश्चुलावर बोट ठेवलं की आत सतत थरथर लागते, मांजर गुरगुरतं तशी. सिस्टर तिला थ्रिल म्हणतात. रोज सकाळ-संध्याकाळ तपासायची, थांबली तर तडक दवाखाना. मी भीतीनं बोट लावायचे आणि काढायचे. चाचांनी सांगितलं म्हणून त्या रात्री मनगट कानाशी नेलं. घूं घूं घूं, मध्ये ठोक्यागणिक चढणारं, खाली येणारं, पण न तुटणारं. माझंच रक्त. मी किती वेळ ऐकत होते कुणास ठाऊक.

बुधवारी चाचांना सांगितलं तर खूश झाले. म्हणाले, "माजा सूर पेटीच्या काळी दोनच्या आसपास लागतो. तुमचा वर असंल, बायकांचा तंबोरा." मग त्यांनी जवारी, म्हणजे तंबोऱ्याचा गुंजत राहणारा सूर कसा लावतात ते समजावून सांगितलं. तंबोऱ्याची तार घोडीवरून जाते, त्या घोडीचा माथा कानसीनं घासत राहायचं, तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, केसभर पुढं, केसभर मागं. "तार घोडीला टेकली पायजे, पर दाबली नाय पायजे. दाबली की मुकी. सुटली की कोरडी. मदी कुटंतरी जागा आसती. गावली की जवारी उघडती." एका तंबोऱ्याला कधी अर्धा दिवस लागतो, कधी दोन दिवस. "आन काही दिसांनी परत करायची. एकदा लावली आन झालं, आसं नसतं."

मग आला २०१९ चा ऑगस्ट, कृष्णेचा महापूर. सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांवर धोक्याची पातळी, पाणी त्या वेळी ५७ फुटांच्या वर गेलं. सोमवारी, ५ तारखेला मी डायलिसिस करून आले. मंगळवारी पाणी गल्लीत आलं. २००५ च्या पुरात पाणी वरपर्यंत आलं नव्हतं म्हणून आम्ही धान्याची पोती तेवढी वर चढवली आणि राहिलो. चूक झाली. बुधवारी खानावळ बुडाली. जिन्याला चौदा पायऱ्या, गुरुवारी संध्याकाळी अकरा पाण्याखाली होत्या.

बुधवारची पाळी हुकली. घराभोवती सगळी कृष्णा आणि मी पळ्या मोजतेय. दीडशेच्या चाळीस केल्या. मदतीच्या नावा यायच्या, खिडकीतून दोरीनं पिशवी वर घ्यायची, तर पिशवीत पाण्याच्या बाटल्या आणि केळी! मला वर्ज्य असलेल्याच दोन गोष्टी, अगदी निवडून पाठवल्यासारख्या. मी साखर घालून कोरडा भात खाल्ला. गुरुवारी रात्री आडवं होता येईना, छाती भरून यायला लागली. ब्रह्मनाळला नाव उलटल्याची बातमी त्याच दिवशी कानावर आलेली. त्यामुळे ह्यांना मला नावेत बसवायचीही भीती, न बसवायचीही. ते नुसते येरझाऱ्या घालत होते आणि लेक मोबाईलची शेवटची चार टक्के चार्जिंग सांभाळत नंबर फिरवत होती.

वीज नव्हती. मी खिडकीशी खुर्चीत ताठ बसून होते. खाली जिन्यात पाणी चुबुक चुबुक करत होतं, मध्येच एखादं पातेलं भिंतीला आपटायचं. माझीच पातेली. आवाजावरून ओळखत होते, हे वरणाचं, हे भाताचं. मनगट कानाशी घेतलं. घूं घूं चालू होतं.

त्या रात्री काय झालं ते नीट सांगता येत नाही. भीती गेली असं म्हणणार नाही. भीतीच दमून झोपली आणि मी एकटी जागी राहिले, तसं काहीतरी. उद्याचं काही नको होतं. कालचंही काही आठवेना. एक श्वास यायचा, अर्धाच यायचा, पण यायचा. मी पळीभर पाणी घेतलं आणि ते नेहमीसारखंच लागलं, आधी तुरट, मग गार. जीव जाणार असेल तर जाईल, पण आत्ता पाणी छान लागतंय. असा विचार आला आणि मला त्याची लाज नाही वाटली.

शुक्रवारी दुपारी बचावपथकाची नाव आली. पाणी संपलं तिथून जीप, तिथून मिरज. पोटॅशियम ६.८ होतं, जिवावर बेतणारं. सिस्टर काही न बोलता सुया तयार करत होत्या. शेजारच्या खुर्चीवर चाचा नव्हते, त्यांची पाळी सकाळी होऊन गेली होती, पण ते घरी न जाता बाहेर बाकावर बसून होते. आत डोकावून म्हणाले, "जवारी चालू हाय ना? मग बास."

पाणी उतरल्यावर खानावळीत कंबरभर गाळ. फ्रिज आडवा, शेगड्या गाळात, सगळ्या भिंतींना एकच वास. खानावळीची जेवायला येणारी पोरं फावडी घेऊन आली. मी दारात स्टुलावर बसून नुसती बघत होते. त्यातला एक ओरडला, "काकू, वर बघा!" पंख्याच्या पात्यावर माझा मिसळणाचा डबा! तरंगत तरंगत वर गेला असणार आणि पाणी उतरताना तिथंच अडकला. पोरानं काठीनं खाली काढला, मी झाकण उघडलं. मोहरी कोरडी. जिरं कोरडं. हळदीवर थेंब नाही. पातेली गेली, फ्रिज गेला, आणि मोहरी कोरडी! मला हसू फुटलं ते आवरेना. पोट दुखेपर्यंत हसले, मग पोरं हसायला लागली, मग हे. दीड वर्षात मी हसले नव्हते, ते एकदम सगळं आलं. दुपारी उसन्या पातेल्यात फुटपाथवर आमटी केली, फोडणीला तीच मोहरी.

नंतरचं भराभर सांगते. खानावळ चार महिन्यांनी उभी राहिली, आता डबे पंचवीस. केशरी रेशनकार्डावर सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून डायलिसिस होतं, म्हणून निभतं. किडनी द्यायला ह्यांचा रक्तगट जुळत नाही, बहिणीला साखर आहे. लेकीनं किडनी देते म्हणून दोनदा सांगितलं, मी दोनदा नको म्हटलं, त्यावर आमचं भांडण चालूच असतं. पुण्याच्या प्रतीक्षा यादीत नाव आहे. फोन आला तर जाईन, नाही आला तर शुक्रवार आहेच.

चाचा २०२१ च्या मे महिन्यात गेले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यांची फार आठवण आली. पेपर वाचून म्हणाले असते, "कागदानं काय जवारी लागती व्हय?" आणि मग तोच कागद काचेत बसवून दुकानात लावला असता.

त्यांच्या खुर्चीवर आता एक चोवीस वर्षांचा पोरगा असतो. तीन महिने झाले. कानात इअरफोन, तोंड भिंतीकडे, आज वजन चार किलो जास्त. मघाशी त्याच्या पोटरीत गोळा आला, दादांनी पाय दाबला. मी काही बोलले नाही. बोलून काय होतं, मला माहीत आहे. आत्ता त्यानं इअरफोन काढलाय आणि विचारतोय, "काकू, तुम्ही पाणी कसं काय कंट्रोल करता?"

मी म्हटलं, "घरी पळी-पंचपात्री आहे का रे?"

"म्हणजे काय?"

मशीन वाजायला लागलं. चार तास झाले, सिस्टर येतायत. सुया काढल्या की दहा मिनिटं उजव्या हातानं घट्ट दाबून धरावं लागतं. त्याला सांगते तेवढ्यात. हात रिकामा नाही, थांबते.